सोसायटीची जुनी खाती: तारखांच्या नोंदी

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दिवाळीनंतर आज सोसायटीचं ऑफिस उघडलं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावची ही विविध कार्यकारी संस्था. पीककर्जाची बरीच वर्षांची खाती अर्धी एका जुन्या प्रोग्राममध्ये आणि अर्धी एक्सेलच्या फायलींमध्ये पडून आहेत. ती तपासून एकाच साच्यात आणायची, एवढंच काम. हत्यारं साधी: पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि कपाटातली रजिस्टरं.

सुरुवात तारखांपासून करते आहे. रक्कम चुकली तर किर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, जुळत नाही, सचिवकाका रात्रभर झोपत नाहीत आणि चूक सापडते. तारखेचं तसं नाही. कर्ज ५ जूनचं ६ मेला गेलं तरी बेरीज तीच राहते. तारखेला स्वतःचा ताळा नसतो, तो बाहेरून शोधून आणावा लागतो.

पहिली नजर टाकली. सगळ्या तारखा मजकूर म्हणून साठवलेल्या आहेत. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही. मजकूर, पूर्णांक किंवा दशांश, यांतलं काहीतरी निवडावं लागतं, आणि तुम्ही जे द्याल ते तो निमूट ठेवून घेतो. काही फायली कोणीतरी मराठी कळफलकावर भरल्या आहेत, तिथे अंक देवनागरी. संगणकाच्या अक्षरक्रमात इंग्रजी अंक फार आधी येतात आणि देवनागरी फार नंतर. त्यामुळे क्रम लावला की देवनागरीतलं २०१२ हे इंग्रजी अंकांतल्या २०२४ च्याही खाली जाऊन बसतं. पायथनचं पूर्णांक करणारं फंक्शन देवनागरी अंक बिनतक्रार ओळखतं, म्हणून तो भाग लगेच निपटला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आपण दिवस आधी लिहितो, मग महिना, मग वर्ष. वाचायला हे ठीक आहे, तुलनेला मात्र घातक. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. त्या हिशेबाने ०५/११/२०१८ ही तारीख १२/०३/२०१७ च्या आधी येते, कारण पहिल्याच अक्षरात शून्य एकापेक्षा लहान. वर्षापर्यंत गाडी पोचतच नाही. जुन्या प्रोग्रामची ‘तारखेनुसार यादी’ नेमकी अशीच निघते: आधी सगळ्या वर्षांच्या एक तारखा, मग सगळ्या वर्षांच्या दोन तारखा. सचिवकाकांना त्याची इतकी सवय झाली आहे की ते ती यादी कधी वापरतच नाहीत, रजिस्टर उघडतात.

तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ पहिल्यांदा १९८८ मध्ये आलं. त्यातली लिहिण्याची पद्धत मोठ्या मापाकडून लहानाकडे जाते: वर्ष, महिना, दिवस. तशी लिहिलेली तारीख मजकूर म्हणून लावली काय किंवा तारीख म्हणून लावली काय, क्रम एकच येतो. फक्त शून्य गाळायचं नाही. ‘२०१८-६-०५’ असं लिहिलं तर ते ‘२०१८-१०-०१’ च्या नंतर जातं.

ठरलं: साठवताना वर्ष चार अंकी, महिना आणि दिवस दोन अंकी, मध्ये आडवी रेघ. पडद्यावर आणि पावतीवर मात्र दिवस आधीच राहील. सभासदाला २०१८-०६-०५ वाचायला लावण्यात अर्थ नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मोठं प्रकरण निघालं.

एक्सेलच्या फायलींतून कर्जवाटपाच्या तारखा काढून महिनावार बेरीज केली. कर्ज बाराही महिने वाटलेलं दिसलं. सचिवकाका शेजारी बसून पावत्या लावत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “जानेवारीत कोनी पीककर्ज वाटते काय, पोरी? तवा तं वावरात तूर उभी रायते.”

खरीपाचं वाटप म्हणजे मे-जून. पेरणीच्या तोंडावर बियाणं, खत घ्यायला पैसे लागतात. जानेवारीतल्या नोंदी काढून पाहिल्या तर सगळ्या ६ जानेवारीच्या. फेब्रुवारीतल्या सगळ्या ६ फेब्रुवारीच्या. मार्चमध्येही ६ च. बारा महिन्यांत बारा वेळा सहा तारीख, आणि त्या त्या दिवशी वाटपाचा ढीग.

झालं असं की फाइल ज्या संगणकावर उघडली गेली त्याची प्रादेशिक मांडणी अमेरिकन होती, महिना आधी आणि दिवस नंतर. एक्सेलने ०१/०६/२०१५ वाचलं आणि १ जूनची ६ जानेवारी केली. २ जूनची ६ फेब्रुवारी, ३ जूनची ६ मार्च. अशी उलथापालथ १२ जूनपर्यंत, फक्त ६ जून जागेवर. १३ जूनपासून पुढे मात्र तेरावा महिनाच नसल्यामुळे एक्सेलने हात टेकले आणि तो मजकूर तसाच ठेवला. म्हणून एकाच रकान्यात निम्म्या तारखा उजव्या कडेला चिकटलेल्या, त्या एक्सेलने ‘समजून घेतलेल्या’. निम्म्या डाव्या कडेला, त्या मजकूर. यात डावीकडच्या खऱ्या आणि उजवीकडच्या उलट्या! पाहणाऱ्याला वाटतं की डावीकडच्याच बिघडल्यात. कोणीतरी त्या हाताने ‘दुरुस्त’ करायला घेतल्याच्याही खुणा आहेत.

याने नुकसान किती, हे पाहायला महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची चौकट लावली. ती निवडली कारण तिच्या तारखा सगळ्यांना पाठ आहेत: १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेलं अल्पमुदतीचं पीककर्ज, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत, मर्यादा दोन लाख. त्या योजनेतल्या लाभार्थ्यांच्या यादीची प्रत रजिस्टरला लावलेली आहे, म्हणजे उत्तर कागदावर आधीच आहे. प्रोग्रामची यादी त्याच्याशी ताडून पाहिली तर ज्यांनी १, २ आणि ३ जून २०१५ ला कर्ज उचललं तेवढे सभासद गळालेले. उलटल्यावर त्यांची तारीख जानेवारी ते मार्च २०१५ मध्ये गेली, म्हणजे चौकटीच्या आधी. ४ जूनवाला ६ एप्रिल होऊन आत राहिला. तारीख त्याचीही चूक, पण निकाल बरोबर. हे जास्त वाईट, कारण निकाल पाहून तो कधीच सापडला नसता.

दुरुस्ती करताना एकेक ओळ पाहून अंदाज बांधायचा नाही. ५ नोव्हेंबर खरी की ११ मे खरी, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. निर्णय फाइलवार: ज्या फायलीत उलथापालथ सिद्ध झाली तिथे एक्सेलने तारीख मानलेलं प्रत्येक घर उलटवायचं, आणि मजकूर राहिलेलं घर दिवस-महिना-वर्ष असं वाचायचं. ताळा म्हणून व्हाउचर क्रमांक. व्हाउचर पुस्तकातून ओळीने फाडली जातात. तेव्हा क्रमांक वाढत जाताना तारीख मागे यायला नको. जिथे येते तिथे पुस्तक काढायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एका फायलीत तारखेच्या जागी ४३५५५ सारखे आकडे. हा एक्सेलचा दिनांक-क्रमांक, १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेला. ४३५५५ म्हणजे ३१ मार्च २०१९. रूपांतर करताना मूळ दिवस ३१ डिसेंबर १८९९ नव्हे, ३० डिसेंबर १८९९ धरावा लागतो, कारण एक्सेलच्या मोजणीत क्रमांक ६० हा २९ फेब्रुवारी १९०० चा आहे आणि तो दिवस कधी उगवलाच नाही. १९०० ला चारने भाग जातो, पण शतकी वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप, म्हणून २००० लीप आणि १९०० नाही. ही चूक एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या प्रोग्राममधली. त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली. आता ती जगभरच्या कोट्यवधी फायलींत मुरलेली, काढणार कोण?

१० नोव्हेंबर, सोमवार

वसुलीच्या पावत्या. जुन्या प्रोग्रामने पावतीवर तारखेसोबत वेळही टिपली आहे, आणि वर्षाचा अहवाल मागताना तो ‘१ एप्रिल ते ३१ मार्च यांच्या दरम्यान’ असं विचारतो. नुसती ३१ मार्च लिहिली की संगणक ती ३१ मार्चची मध्यरात्र धरतो, दिवस सुरू होतो तो क्षण. त्या दिवशी सकाळी ११:४० ला फाडलेली पावती त्या क्षणानंतरची, म्हणून दरम्यान नाही.

शहरातल्या दुकानाच्या हिशेबात एका दिवसाने फार काही बिघडत नसेल. इथे ३१ मार्च म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. मुदतीत फेड दाखवली तर व्याजसवलत मिळते, पुढच्या हंगामाला कर्ज मिळतं. तूर विकून, कापसाचा शेवटचा चुकारा घेऊन, नाहीतर पाहुण्याकडून हातउसने आणून माणसं शेवटच्या दिवशी येतात. काकांच्या भाषेत, “एकतीस मार्चले इथी पाय ठेवाले जागा नसते.” आणि नेमका तोच दिवस दरवर्षी अहवालातून गायब. रोजकीर्दीशी फरक पडायचा म्हणून काका त्या दिवसाची बेरीज हाताने मिळवून खाली पेन्सिलने लिहीत आले आहेत. इथे रक्कम हा ताळा होता म्हणून निदान कळलं तरी.

यावर एक पळवाट पुष्कळ जण वापरतात: ३१ मार्च, २३ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद. मी ती ठेवणार नाही. नवीन नियम अर्धा उघडा: सुरुवातीची तारीख धरून, शेवटची वगळून. म्हणजे १ एप्रिल २०१८ पासून, आणि १ एप्रिल २०१९ च्या आत. याचा आणखी एक फायदा असा की एका वर्षाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात हा एकच आकडा राहतो. मध्ये फट नाही आणि कोणतीही पावती दोन वर्षांत मोजली जात नाही.

पायथनमध्ये नुसता दिवस आणि वेळेसह दिवस असे दोन प्रकार आहेत. या दोघांत लहान-मोठं विचारलं तर पायथन चूक दाखवून थांबतो, ते बरंच. पण ‘दोन्ही सारखे का?’ असं विचारलं तर गुपचूप ‘नाही’ म्हणतो, एकाच दिवसाच्या असल्या तरी. सारखेपणाच्या तुलना सगळीकडून शोधून काढल्या. पावतीची वेळ वेगळ्या रकान्यात ठेवली. खात्यात फक्त दिवस. व्याज दिवसावर चालतं, मिनिटावर नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सोसायटीने मागे कोणाकडून तरी एक मोबाइल फॉर्म करून घेतला होता, त्यावर काही काळ वसुली नोंदवली गेली. तारखा पाहायला सरळ, उलटलेल्या नाहीत, सहा तारखेचे ढीग नाहीत. वार काढून पाहिले तेव्हा गंमत कळली: रविवारी भरपूर नोंदी, शनिवारी एकही नाही. ऑफिस रविवारी बंद आणि शनिवारी चालू असतं. सगळा आठवडाच एक दिवस मागे सरकला होता.

कारण साडेपाच तास. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, मिर्झापूरजवळून, धरलेली. जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. फॉर्म दिवसाला आपल्याकडची मध्यरात्र समजतो, साठवताना ती जागतिक वेळेत बदलतो, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मग वेळ कापून नुसती तारीख ठेवली की दिवस गेला. असे फॉर्म ज्यात लिहितात त्या जावास्क्रिप्ट भाषेत हे फार सहज होतं. तिथे महिनेही शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०, ते आणखी वेगळं दुखणं.

म्हणजे १ एप्रिल २०२३ ला भरलेले पैसे फॉर्ममध्ये ३१ मार्चचे दिसतात. उशिरा आलेला माणूस मुदतीत आला. काकांना सांगितलं तर क्षणभर विचार करून म्हणाले, “मंग राहू दे ना तसंच.” मग स्वतःच हसले. पावतीच्या स्थळप्रतीवर १ एप्रिल आहे, लेखापरीक्षक तीच पाहणार.

त्या फॉर्मच्या सगळ्या नोंदी एक दिवस पुढे घेतल्या. नंतर वार पुन्हा मोजले: रविवार रिकामा. हा ताळा मला फार आवडला, फुकटचा आहे आणि कोणालाही समजतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सभासदांच्या जन्मतारखा. वर्ष दोन अंकी: ०१/०६/५८. पायथन दोन अंकी वर्ष वाचताना ६९ ते ९९ ला १९०० चं शतक देतो आणि ०० ते ६८ ला २००० चं. तर हे आजोबा २०५८ मध्ये जन्मणार. एक्सेल नेहमीच्या मांडणीत ३० ते ९९ ला १९०० चं शतक देतं, तिथे ते १९५८ चे, बरोबर. पण २८ साली जन्मलेली आजी एक्सेलमध्येही २०२८ ची. दोन हत्यारांचं शतक वेगळ्या ठिकाणी वळतं, आणि दोन्हींना माहीत नाही की हा रकाना जन्माचा आहे की कर्जाचा.

ते आपल्याला माहीत आहे. जन्मतारखेला नियम: उद्याची असू शकत नाही, आणि सभासद झाला त्या दिवशी वय किमान १८ हवं. कर्जाच्या तारखेला नियम: संस्थेच्या नोंदणीआधीची नाही. शतक यावरून ठरवलं.

मग ढीग पाहिले, सवयीने. १ जूनला अर्धं गाव जन्मलेलं! सहा तारखेचा अनुभव ताजा असल्यामुळे आधी वाटलं, झालं पुन्हा काहीतरी. पण हा ढीग खरा आहे. जन्माची नोंद नसलेल्या पोराला शाळेत घालताना मास्तर जूनमधली पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. दाखल्यावर तीच, आधारवर तीच, सातबाऱ्याच्या कामाला तीच. खरा जन्मदिवस कोणालाच माहीत नाही, पण कायद्याने हीच जन्मतारीख. तिला हात लावायचा नाही. त्याउलट १ जानेवारी १९७० आणि १ जानेवारी १९०० चे दोन लहान ढीग खोटे. पहिला म्हणजे संगणकाच्या घड्याळाचं शून्य आणि दुसरा एक्सेलचा क्रमांक एक, दोन्हींचा अर्थ ‘रकाना रिकामा होता’. ते रिकामे केले. रिकाम्या तारखेला कोणत्याही तारखेशी ताडलं की एसक्यूलाइट हो ही म्हणत नाही आणि नाही ही म्हणत नाही, ती ओळ यादीतून नुसतीच गळते. म्हणून अशा सभासदांची यादी वेगळी छापते आहे.

वय काढायला नुसती वर्षं वजा करून चालत नाही. वर्षांची वजाबाकी, आणि या वर्षीचा वाढदिवस अजून यायचा असेल तर एक कमी. महिना-दिवसाची जोडी ताडली की झालं. गावात निम्मी माणसं एकाच सकाळी साठ पूर्ण करतात, तेवढं फक्त यादी वाचताना ध्यानात ठेवायचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वेचणीला माणसं मिळेनात म्हणून संचालकांपैकी कोणीच बैठकीला आलं नाही. लीप वर्षाचा प्रश्न म्हणून तसाच पडला.

प्रश्न असा: २९ फेब्रुवारी २०२४ पासून एक वर्ष कधी पूर्ण होतं? पायथनमध्ये वर्षाचा आकडा २०२५ केला तर चूक येऊन प्रोग्राम थांबतो. एसक्यूलाइट १ मार्च २०२५ म्हणतं. एक्सेलचं महिने पुढे नेणारं सूत्र २८ फेब्रुवारी म्हणतं. आणि ‘३६५ दिवस’ मोजले तर तेही २८ फेब्रुवारी. पण १ जून २०२३ पासून ३६५ दिवस म्हणजे ३१ मे २०२४, आणि एक वर्ष म्हणजे १ जून २०२४. ‘एक वर्ष’ आणि ‘३६५ दिवस’ हे दोन वेगळे नियम आहेत, करारात जो लिहिला असेल तो घ्यायचा.

गोडाऊनमधल्या बियाण्यालाही हेच लागू. पिशवीवर तपासणीची तारीख असते, वैधता तिथून नऊ महिने. ३१ मे २०२५ ची तपासणी असेल तर नऊ महिन्यांनी ३१ फेब्रुवारी येते! एसक्यूलाइट ती ३ मार्च २०२६ करून टाकतं. मी महिनाअखेरला, २८ फेब्रुवारीला, अडवलं आहे. मुदत संपलेलं बियाणं तीन दिवस जास्त विकलेलं चालणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

‘त्याच वर्षीचं कर्ज’ हे शब्द नियमांत जागोजागी आहेत. कोणतं वर्ष?

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, तलाठ्याचे हिशेब त्यावर. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, जिनिंगवाले तोच मोजतात. आणि कपाटातल्या फार जुन्या खतावण्या उघडल्या तर सहकारी वर्ष १ जुलै ते ३० जून. त्या खतावणीतली मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली नोंद दोन वेगळ्या वर्षांची, जी आजच्या हिशेबाने एकाच वर्षाची.

म्हणून प्रोग्राममध्ये ‘वर्ष’ नावाचं फंक्शन ठेवलंच नाही. ‘आर्थिक वर्ष’, ‘महसुली वर्ष’, ‘हंगाम’ अशी वेगळी. आतलं गणित सारखंच: वर्ष ज्या महिन्यात सुरू होतं त्याच्या आधीचा महिना असेल तर इसवी सनातून एक वजा. फेब्रुवारी २०१९ हे आर्थिक वर्ष २०१८-१९. तुलना त्या सुरुवातीच्या आकड्याची करायची, ‘२०१८-१९’ या लेबलची नाही. जुन्या फायलींत ‘१९९९-००’ आणि ‘१९९९-२०००’ अशी एकाच वर्षाची दोन रूपं आहेत आणि संगणकाला ती दोन वर्षं वाटतात.

संध्याकाळी शेजारचे काका आले. त्यांना सोसायटीशी देणंघेणं नाही, सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशेब हवा होता. “पोरी, तू तारखाच पाहून रायली ना, तं माह्या गड्याचे खाडे काढून दे.” त्यांच्याकडे साल पाडव्याला धरतात आणि पाडव्याला सोडतात. खाडा पडला, म्हणजे गडी कामावर आला नाही, की सालाच्या रकमेला ३६५ ने भागून तेवढे कापतात.

पाडवा इंग्रजी तारखेला बांधलेला नाही. २०२३ ला २२ मार्च, २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च. मध्ये २०२३ ला अधिक श्रावण आला, म्हणून पहिलं साल भरलं ३८४ दिवसांचं आणि दुसरं ३५५ चं. हिशेबाला सोपी म्हणून एक लाखाची रक्कम धरली तर एका खाड्याचे पहिल्या सालात २६० रुपये होतात आणि दुसऱ्यात जवळपास २८२. ३६५ ने भागलं तर दोन्हीकडे २७४. म्हणजे लांब सालात गडी खाड्यामागे चौदा रुपये जास्त भरतो, शिवाय धोंड्याचा महिना फुकट राबतो ते वेगळंच. काका गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, “अन् येत्या पाडव्याचं?” १९ मार्च २०२६ ते ७ एप्रिल २०२७. अधिक ज्येष्ठ मध्ये येतो, पुन्हा ३८४. “मंग गड्याले कायले सांगू हे,” असं पुटपुटत उठले खरे, पण जाताना धोंड्याचा महिना वेगळा धरायला कागदावर माझ्याकडून आकडा लिहून घेतला.

हे सूत्राने काढायच्या भानगडीत पडले नाही. तयार लायब्ररीत ‘शक’ म्हणून जे मिळतं ते बहुधा राष्ट्रीय सौर पंचांग, मेघनाद साहांच्या समितीचं, २२ मार्च १९५७ पासून लागू. त्यात १ चैत्र दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला. त्यात अधिक महिना नाही आणि आपला पाडवाही नाही. पंचांगातून पाडव्यांच्या तारखांचा तक्ता भरला आणि करारात सुरुवात-शेवट दोन्ही तारखा स्पष्ट ठेवल्या.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी मोबाइलवरून छापलेल्या पावतीवर तारीख आली २९/१२/२०२६. काकांनी फोटो पाठवला, खाली फक्त प्रश्नचिन्ह.

हा तारखेच्या साच्यातला वाय, वर्षासाठी लिहायचं इंग्रजी अक्षर. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या तारीख-साच्यात लहान वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, मोठा वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष. या आठवड्यात १ जानेवारी आहे, म्हणून हा आठवडा २०२६ चा पहिला धरला जातो आणि आजचा दिवस त्यासोबत २०२६ मध्ये जातो. वर्षभर हा घोळ दिसत नाही. परवापर्यंत राहिला असता आणि गुरुवारी, १ तारखेला, आपोआप बरा झाला असता, मग पुढच्या वर्षअखेरपर्यंत कोणालाच आठवला नसता. ज्याने ते अ‍ॅप केलं त्याच्याकडून चारही वाय लहान करून घेतले. आजच्या पावत्या काकांनी रद्द करून हाताने फाडल्या.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

सगळी खाती नव्या साच्यात आली. ताळे असे लावले: व्हाउचर क्रमांकाबरोबर तारीख पुढेच जाते का, रविवारी नोंद आहे का, खरीपाचं वाटप हंगामाबाहेर आहे का, कोणत्या एका दिवसाचा ढीग आहे का, परतफेड कर्जाच्या आधी झालेली दिसते का. कर्जमुक्तीची यादी पुन्हा काढली, ती रजिस्टरच्या प्रतीशी नावानिशी जुळली, १ ते ३ जूनवाल्यांसकट. ३१ मार्चच्या बेरजा काकांच्या पेन्सिलच्या आकड्यांशी जुळल्या.

हंगामाबाहेरच्या काही नोंदी अजून उभ्या आहेत, आणि त्या सगळ्या चुका नाहीत. डिसेंबरमधलं एक वाटप काकांनी पाहताक्षणी ओळखलं: गव्हासाठीचं रब्बी कर्ज, त्या माणसाच्या विहिरीला पाणी होतं. प्रोग्रामला ‘हंगाम’ या रकान्यावरून ते कळायला हवं, पण जुन्या फायलीत तो रकानाच नाही.

लीप वर्षाचा प्रश्न अखेर बैठकीत आला. चेअरमन म्हणाले लेखापरीक्षकाला विचारा, लेखापरीक्षक म्हणाले करारात पाहा, आणि करारात ‘मुदत ३१ मार्च’ असं स्वच्छ लिहिलेलं निघालं. तेव्हा पीककर्जाला तो प्रश्नच लागू नाही. फक्त मध्यम मुदतीच्या कर्जाला ठेवला आहे, तिथे हप्ता २८ फेब्रुवारीला.

उरलेल्या नोंदी रजिस्टरच्या पान क्रमांकासह छापून काकांना दिल्या. ते रोज थोड्या पाहून समोर लाल पेनाने बरोबर किंवा नवी तारीख लिहिणार आहेत. ती मी भरेन, पण जुनी तारीख पुसणार नाही. शेजारच्या रकान्यात जुनी तारीख, बदलाचं कारण आणि बदलाचा दिवस, तिन्ही राहतील. बदलाचा दिवस मात्र वेळेसह, भारतीय वेळेत.